तुझ्या वहीतले सात आकडे

प्रिय मित्रा,

काल रात्री तू पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मी मोठा करकरून पाहिला. शुगरचे सात आकडे, सातही लाल पेनाने, आणि खाली तुझ्या त्या तिरक्या अक्षरात: "झोपताना १३८, उठल्यावर १५४. मधे मी झोपेत उठून खाल्लं की काय?" आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. नऊ वर्षांपूर्वी, तुझ्यासारखाच मलाही मधुमेह निघाला तेव्हा, हाच प्रश्न खिशात घेऊन मी डॉक्टरांसमोर बसलो होतो आणि न विचारताच परत आलो होतो. फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी तो पहाटेचा चोर पकडू. चोर घरातलाच आहे, तुझं लिव्हर. पण त्याच्यावर आळ घेण्याआधी एक हिशोब बघ. अंगात साधारण पाच लिटर रक्त धर. शुगर १०० म्हणजे एका डेसिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, म्हणजेच लिटरला एक ग्रॅम. मग सगळ्या रक्तात मिळून साखर किती? पाच ग्रॅम. एक छोटा चमचा! २०० झाली तर दोन चमचे. मला हे कळलं तेव्हा मी खरंच चमच्यात साखर घेऊन बघत बसलो होतो. एवढ्याशा साठ्यात दर जेवणाला चाळीस-पन्नास ग्रॅम ग्लुकोज येऊन पडतं, स्नायू ते उचलतात, मेंदू रात्रंदिवस खात असतो. अशा ठिकाणी आकडा एका जागी बसून राहील ही अपेक्षाच चुकीची. ज्यांना मधुमेह नाही त्यांचाही दिवसभर वरखाली होतोच, फक्त त्यांच्याकडे तो सावरून घेणारं इन्सुलिन वेळेवर आणि पुरेसं येतं.

आता रात्र. तू झोपतोस, पण मेंदूची भूक झोपत नाही. म्हणून लिव्हर आपल्याकडचा साठा थोडा थोडा रक्तात सोडत राहतं, शिवाय नवीन ग्लुकोज बनवतंही. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोल, ग्रोथ हॉर्मोन वगैरे मंडळी वाढतात आणि लिव्हरला सांगतात, सोड आणखी. एरवी इन्सुलिन लिव्हरला आवरतं. आपलं लिव्हर त्याचं नीट ऐकत नाही, हाच तर आपला आजार, निदान अर्धा तरी. त्यामुळे रात्रभर तोंडात काही न घालता सकाळी आकडा वर दिसतो. डॉक्टर याला डॉन फिनॉमिनन म्हणतात.

मी काय केलं होतं सांगू? सकाळी शुगर जास्त येते म्हणजे रात्रीचं जेवण नडतंय, असा सरळ निष्कर्ष काढून सलग तीन रात्री उपाशी झोपलो. तीनही सकाळी आकडा जिथल्या तिथे, आणि चौथ्या दिवशी चिडून इतकं जेवलो की विचारू नकोस. रात्रीच्या जेवणाचा सकाळवर काहीच परिणाम होत नाही असं नाही. उशिरा आणि भरपेट जेवलं तर होतो. पण सकाळचा आकडा म्हणजे काल रात्रीच्या वागणुकीचे गुण नव्हेत. माझ्या बाबतीत तो सगळ्यात शेवटी खाली आला, गोळी नियमित सुरू झाल्यावर आणि वजन थोडं उतरल्यावर. मेटफॉर्मिन, म्हणजे आपली ही गोळी, मुख्यतः त्या लिव्हरच्याच उधळेपणावर काम करतं, म्हणून धीर धर. सुरुवातीला पोटाची कुरकुर होते, ती डॉक्टरांच्या कानावर घाल, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस.

आणि आता चोराची बाजू घेतो. १३८ आणि १५४ यांत फरक किती? सोळा. आपल्या बोटभर यंत्राची चूकच तेवढी असू शकते. घरगुती ग्लुकोमीटरसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते १००च्या वरच्या आकड्यांना १५ टक्के इकडेतिकडे चालवून घेतं, आणि तेही शंभरातल्या पंच्याण्णव वेळांपुरतंच बोलतं. खरी शुगर १४५ असेल तर यंत्राने १२४ दाखवलं काय आणि १६६ दाखवलं काय, दोन्ही नियमात बसतं. म्हणजे कदाचित त्या रात्री काहीच घडलं नसेल. एका रात्रीवरून ठरवता येत नाही. आठवडाभर रोज सकाळी चढच दिसला तर मात्र ती लिव्हरची करामत समज.

यंत्रावरून आठवलं. पहिल्याच महिन्यात एकदा संध्याकाळी माझा आकडा २४६ आला. पायाखालची जमीन सरकली. बायकोने शांतपणे विचारलं, हात धुतलेस का? मी नुकतंच संत्रं सोलून दिलं होतं. साबणाने हात धुतले, नीट पुसले, दुसऱ्या बोटाला टोचलं: १३१. त्या फळाच्या रसाचा एक अदृश्य ठिपका बोटावर होता आणि रक्ताचा थेंब तरी केवढा असतो! तेव्हापासून मी आधी हात धुतो आणि कोरडे करतो. ओल्या बोटाने थेंब पातळ होतो. सुई बोटाच्या टोकाला न लावता कडेला लावायची, दुखतं कमी. थेंबासाठी बोट पिळून काढायचं नाही. पट्ट्यांची डबी लगेच बंद करायची, दमट हवेने त्या खराब होतात.

तुझ्या पानावर न्याहारीनंतर तासाने २११ आणि दोन तासांनी १७६ असं आहे, आणि २११ भोवती तू गोल काढलायस. गोल १७६ भोवती काढ, तोही कौतुकाचा. जेवणानंतर शुगर साधारण तास-दीड तासाच्या सुमारास शिखरावर असते आणि मग उतरते. तू नेमका शिखरावर चढून फोटो काढलास. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. बहुतेक प्रौढांना डॉक्टर जे लक्ष्य सांगतात ते असं: जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर १८०च्या आत. वय, इतर आजार, औषधं यांप्रमाणे ते बदलतं, म्हणून तुझं लक्ष्य तुझ्या डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घे. १८० वरून आठवलं: साधारण त्याच्या वर गेलं की मूत्रपिंडं हात टेकतात आणि साखर लघवीवाटे जायला लागते, सोबत पाणीही. निदानाच्या आधी तू रात्री चार-चारदा उठायचास आणि माठभर पाणी प्यायचास, त्याचं कारण हे.

सात वेळा टोचून घेण्याचा उत्साह महिनाभरात संपेल, माझाही संपला होता. त्यापेक्षा जोड्या घे. एका जेवणाच्या आधी एक आणि दोन तासांनी एक. आज न्याहारीची जोडी, उद्या दुपारची. सुटा आकडा मुका असतो रे. जेवणानंतर १८५ हा आकडा १७० वरून आला तर ताटाचा दोष फारसा नाही, आणि ९५ वरून आला तर ताटाकडे बघायला हवं. ताट म्हणजे फक्त गोड नव्हे. धान्यं, कंदमुळं, फळं, दूध, सगळ्यांतून ग्लुकोज येतं, आणि भरडलेलं, गाळलेलं, रस काढलेलं लवकर येतं. हेच पदार्थ आधी भाजी आणि प्रथिनं खाऊन मग शेवटी खाल्ले तर चढ कमी होतो. मला हे थोतांड वाटलं होतं. चार जोड्या घेतल्या, तेच ताट, फक्त क्रम उलटा, आणि गप्प बसलो. तुझ्या शरीराला काय झेपतं हे मला माहीत नाही, तुझ्या शेजाऱ्याला तर त्याहून नाही. शेजारी जे काही काढा म्हणून आणून देतोय ते नम्रपणे घे आणि बाजूला ठेव.

चालणं. यावर मी किती बोलतो हे तुला ठाऊक आहे, पण एक गोष्ट करच. दोन दिवस अगदी सारखं जेव. एका दिवशी जेवून खुर्चीत बस, दुसऱ्या दिवशी जेवून पंधरा मिनिटं साध्या चालीने फिरून ये. दोन्ही दिवशी दोन तासांनी बघ. स्नायू हलायला लागले की ते रक्तातलं ग्लुकोज इन्सुलिनच्या परवानगीची फारशी वाट न बघता आत ओढतात. आपलं दुखणंच मुळी त्या परवानगीचं असल्यामुळे हे मागचं दार आपल्या फार कामाचं. माझा त्या दिवशीचा फरक ३८ चा होता. तुझा कमी असेल, जास्त असेल. उलट एखाद्या दिवशी तू जोरात पळालास किंवा जड वजनं उचललीस आणि आकडा चढलेला दिसला, तर घाबरू नकोस. तो अॅड्रेनालिनचा प्रताप, थोड्या वेळाने ओसरतो.

सर्दी-ताप, दातदुखी, रात्रभर जागरण, ऑफिसातली भांडणं, स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन, ही सगळी ताटाला हात न लावता शुगर वाढवतात. वहीत आकड्यापुढे दोन शब्द लिहीत जा, "झोप नाही", "ताप". तीन महिन्यांनी आकड्यांपेक्षा तेच शब्द जास्त सांगतील.

परवा तू म्हणालास, हात थरथरले, घाम फुटला, शुगर "लो" झाली म्हणून तू मूठभर गोड खाल्लंस. मोजली होतीस का? होतीस, ११२. ती लो नव्हती. कित्येक महिने दोनशेच्या वरच्या आकड्यांना सरावलेल्या शरीराला ११२ म्हणजे अचानक दुष्काळ वाटतो आणि ते बोंब मारतं. काही आठवड्यांत सवय होते. खरी लो म्हणजे ७० च्या खाली. तेव्हा मात्र विचार करत बसायचं नाही: १५ ग्रॅम साखर पाण्यातून किंवा अर्धा कप फळाचा रस, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं क्वचितच होतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर होऊ शकतं. तुझ्या चिठ्ठीवर नेमकं काय आहे ते बघ आणि डॉक्टरांना विचार. आणि मोजता आलं नाही व खरंच गळून गेल्यासारखं झालं, तर आधी साखर, हिशोब नंतर.

राहिलं ते एचबीएवनसी. तुझं ८.९ आलं होतं ना? ते सरासरी २०९ च्या आसपास बसतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्या हिमोग्लोबिनला जी साखर चिकटते ती ही तपासणी मोजते. म्हणून महिन्याभरातच पुन्हा करून घेण्याचा तुझा हट्ट सोड. त्या नळीत अजून जुन्या, पाकात मुरलेल्या पेशी फिरतायत, त्या तुझी चुगली करतील. तीन महिन्यांनी कर. तुझ्या आताच्या सात आकड्यांतला एकही ऐन शिखरावरचा सोडून २०० च्या वर नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? मला तरी ते पान पाहून पहिलं तेच दिसलं. आणि तुझं हिमोग्लोबिन पूर्वी कमी असायचं, ते डॉक्टरांना सांग. लोहाच्या कमतरतेने हा आकडा उगाच वर दिसू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना वही ने, यंत्रही ने. त्यांच्याकडे प्रयोगशाळेत रक्त देशील त्याच मिनिटाला आपल्या यंत्रावरही एक थेंब घे, म्हणजे ते किती थापा मारतं ते कळेल.

पत्र मिळालं की फोन कर. या वेळी मी ऐकतो.

तुझाच,
तुझा जुना गोड मित्र

ता. क. चष्म्याचं राहिलंच! अंधूक दिसतंय म्हणून नंबर काढायला निघालायस असं वहिनी म्हणाल्या. थांब. शुगर झपाट्याने उतरते तेव्हा डोळ्यातल्या भिंगातलं पाणी कमीजास्त होतं आणि नंबर तात्पुरता हलतो. मी दुसऱ्या आठवड्यात घाईने नवा चष्मा केला होता, दीड महिन्यात तो निरुपयोगी झाला आणि जुनाच पुन्हा नाकावर आला. शुगर स्थिरावली की महिना-दोन महिन्यांनी नंबर काढ. मात्र बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी लांबवू नकोस, ती आत्ताच व्हायला हवी. आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगू लागले किंवा एका बाजूचं दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.