प्रोटीन मोजताना ट्रे एक, मीठ मोजताना तीन

डोंबिवली (पूर्व)
दि. 14 जुलै 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: फ्रोझन 'काजू-बटर पनीर आणि जिरा राइस' (300 ग्रॅम) या पदार्थाच्या वेष्टनावरील दिशाभूल करणाऱ्या माहितीबाबत तक्रार.

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी पंधरा दिवस शेगडीजवळ फिरकायचे नाही असे बजावले होते. सकाळच्या पोळी-भाजीला बाई येतात, पण रात्रीचा प्रश्न होता. म्हणून घराजवळच्या सुपरमार्केटमधून आपल्या वरील पदार्थाचे आठ ट्रे आणले, प्रत्येकी 229 रुपये. वेष्टनाच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 'हाय-प्रोटीन मील' आणि '15 ग्रॅम प्रोटीन' लिहिले होते, चित्रात पनीरचे भरघोस तुकडे, विरघळणारी लोण्याची वडी आणि मूठभर काजू होते. मागची बाजू मी वाचली नाही. वाचणार कशी? एका डोळ्यावर पट्टी आणि तुमची अक्षरे खसखशीएवढी.

पंधरा दिवसांनी नवा डोळा कामाला लागला, तेव्हा भिंग घेऊन मागची बाजू वाचली. पत्राचे कारण तिथे आहे.

माझे पती रक्तदाबाचे रुग्ण आहेत. त्यांना दिवसाला पाच ग्रॅमच्या वर मीठ नको, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. त्यामुळे त्यांच्या वाट्याचे दिवसभराचे मीठ मी सकाळीच एका छोट्या डबीत काढून ठेवते; आमटीत, भाजीत जाईल ते त्यातलेच. मी 31 वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे, मोजण्याची खोड जात नाही. आता तुमच्या तक्त्यात दर 100 ग्रॅमला सोडियम 480 मिलिग्रॅम आहे आणि पुढच्या रकान्यात 'दर सर्व्हिंगला दैनंदिन गरजेच्या 24 टक्के'. चोवीस टक्के वाचून कोणालाही हायसे वाटेल. पण खाली आणखी बारीक अक्षरांत लिहिले आहे: सर्व्हिंगचे प्रमाण 100 ग्रॅम, पाकिटातील सर्व्हिंगची संख्या 3.

म्हणजे एका ट्रेचे तीन वाटे करायचे! एक खण भाताचा, एक पनीरचा, वर 'एकाच माणसाचे परिपूर्ण जेवण' अशी ओळ, आणि मायक्रोवेव्हमधून काढल्यावर उरलेले पुन्हा गोठवू नये अशी तंबी. हे तीन वाटे नेमके कोणाच्या घरी होतात, ते मला एकदा पाहायचे आहे. माणूस अख्खा ट्रे खातो. अख्ख्या ट्रेत सोडियम 1440 मिलिग्रॅम होते, दिवसाच्या 2000 मिलिग्रॅमच्या 72 टक्के. अडीचने गुणले की मीठ 3.6 ग्रॅम. माझ्या डबीतले सकाळचे मीठ दुपारच्या जेवणापर्यंत अर्धे संपलेले असायचे, वर रात्री हे साडेतीन ग्रॅम. संपृक्त चरबीचेही तेच: दर 100 ग्रॅमला 4.4 ग्रॅम, तुमच्या रकान्यात 20 टक्के, माझ्या ताटात 60.

सर्व्हिंग लहान धरायला मनाई नाही, असे तुम्ही म्हणाल. ठीक. मग पुढच्या बाजूचे 15 ग्रॅम प्रोटीन कुठून आले? तक्त्यात दर 100 ग्रॅमला प्रोटीन 5.2 ग्रॅम आहे. तुमच्याच सर्व्हिंगने मोजले तर पुढे 'सुमारे 5 ग्रॅम प्रोटीन' छापायला हवे होते. तिथे मात्र तुम्ही अख्खा ट्रे धरला! प्रोटीन मोजताना ट्रे एक, मीठ मोजताना ट्रे तीन. हा हिशेब माझ्या वर्गातल्या सातवीच्या मुलाने केला असता तर त्याला बाकावर उभे केले असते. नजरचुकीने झालेला हिशेब नेहमी विकणाऱ्याच्याच बाजूने पडत नाही, म्हणून ही चूक आहे असे मानायला मन धजत नाही.

आणि 'हाय-प्रोटीन' हा शब्द. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, दाव्यांविषयीच्या 2018 च्या विनियमांत घन पदार्थाला तो वापरायचा तर 100 ग्रॅममध्ये रोजच्या शिफारशीच्या 20 टक्के प्रोटीन लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) 2020 च्या तक्त्याप्रमाणे 65 किलोच्या प्रौढ पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम प्रोटीन हवे. त्याचे 20 टक्के 10.8 ग्रॅम. तुमचे 5.2. नुसते 'प्रोटीनचा स्रोत' म्हणायला 10 टक्के, म्हणजे 5.4 ग्रॅम लागतात. तुम्ही त्याच्याही उंबऱ्याबाहेर आहात.

आता घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमची यादी अशी: पाणी, बासमती तांदूळ, टोमॅटो पेस्ट, पनीर, रिफाइंड पामोलिन तेल, कांदा, साखर, दूध पावडर, मीठ, काजू, लोणी, मसाले, जिरे, मग क्रमांकांची रांग. ज्या दोन वस्तूंची नावे पदार्थाच्या नावातच आहेत, ते काजू आणि लोणी, मिठाच्या नंतर येतात. मीठ किती, हे सोडियमवरून कळते: सगळे सोडियम मिठाचेच धरले तरी 100 ग्रॅमला जास्तीत जास्त 1.2 ग्रॅम. म्हणजे काजू त्याहून जास्त नाहीत आणि लोणी काजूंहून जास्त नाही. शिजताना आटणाऱ्या पाण्याचा थोडा फरक सोडून देऊ. अख्ख्या ट्रेत काजू फार तर साडेतीन ग्रॅम, दोन-तीन नग. लोणी चहाच्या चमच्याइतकेही नाही. ज्याच्या जोरावर ग्रेव्ही उभी आहे ते पामोलिन तेल, आणि त्याचे चित्र वेष्टनावर कुठेच नाही. साखरही काजूंच्या कितीतरी आधी बसली आहे. या पदार्थाला 'मीठ-साखर-पामोलिन पनीर' म्हटले असते तर नाव खरे ठरले असते, खप मात्र झाला नसता.

पनीरचेही पाहिले. उरलेल्यांतले दोन ट्रे उघडले, ग्रेव्ही चाळणीत धुऊन काढली, तुकडे टिपून कोरडे केले आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवले. एका ट्रेत 38 ग्रॅम, दुसऱ्यात 31. (पती दारात उभे राहून हे सगळे बघत होते. धुतलेल्या पनीरची भुर्जी झाली आणि ती चांगली झाली, हे सांगायला हवे.) 38 ग्रॅम काही लाजिरवाणे नाही. आमच्या घरी 200 ग्रॅमचे पनीर चौघांत जाते, माणशी 50. पण जो घटक शब्दांनी किंवा चित्राने ठळकपणे मिरवला आहे, त्याची टक्केवारी छापायला हवी, असे 2020 च्या लेबलिंग विनियमांत आहे. तुम्ही पनीर, काजू, लोणी तिन्ही मिरवले आणि तिन्हींपुढे जागा कोरी ठेवली. टक्केवारी छापली की ट्रेगणिक 38 आणि 31 चा फरक झाकता येणार नाही, हेच कारण असावे.

फ्रोझन पदार्थांवर माझा राग नाही. जानेवारीत सोललेला मटार आणि खोवलेला नारळ आमच्या फ्रीजरमध्येही असतो. उणे 18 अंशांवर ठेवलेल्या पदार्थात जंतू वाढत नाहीत, म्हणूनच तुमच्या वेष्टनावरच्या 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' या फुशारकीचे मला हसू आले: थंडीनेच जे काम केले त्याचे श्रेय तुम्ही कशाला घेता? यादीतल्या 1442 वरही माझा आक्षेप नाही. साध्या कॉर्नफ्लोअरची ग्रेव्ही गोठून वितळली की पाणी सोडते आणि फाटल्यासारखी दिसते. ते होऊ नये म्हणून प्रक्रिया केलेला स्टार्च घालावा लागतो, एवढे कळते. 621 म्हणजे अजिनोमोटो, त्याबद्दल व्हॉट्सॲपवर जे फिरते त्यावरही माझा विश्वास नाही. हे क्रमांक म्हणजे विष नव्हे, हे शेजारणींना मीच समजावून सांगत असते. रोजच्या खाण्यात माणसाला छळतात ते मीठ, साखर आणि चरबी, आणि नेमके त्यांचेच आकडे तुम्ही तीनने भागले आहेत.

त्या पंधरवड्यात पतींचा रक्तदाब वाढलेला होता. त्याचे खापर मी तुमच्यावर फोडत नाही. पावसाळा सुरू झाला होता, बटाटेवडे झाले, माझ्या नजरेआड लोणच्याची बरणीही उघडली गेली. पण मला 72 टक्के हा आकडा पुढे दिसला असता, तर मी त्या ट्रेऐवजी मुगाच्या खिचडीचा कुकर बाईंकडूनच लावून घेतला असता. तो निर्णय माझा होता आणि तो मला करता आला नाही.

लंडनला असलेल्या मुलीशी यावर बोलणे झाले. तिकडे बऱ्याच कंपन्या अशा पाकिटांवर लाल, पिवळे, हिरवे ठिपके स्वखुशीने छापतात. एका वेळच्या जेवणात 1.8 ग्रॅमच्या वर मीठ गेले की लाल. तुमचा ट्रे तिथे दुप्पट लाल झाला असता.

2 जुलैला मी तुमच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली: "मॅडम, आपलं प्रॉडक्ट एफएसएसएआय अप्रूव्हड आहे, काळजी करू नका." वेष्टनावर आहे तो 14 आकडी परवाना क्रमांक. तो तुम्हाला धंदा करायला मिळालेला परवाना आहे. ट्रेत काय आणि किती आहे त्याचे ते प्रशस्तिपत्र नव्हे. त्या मुलीची चूक नाही, तिला जे पढवले ते तिने म्हटले. नंतर ईमेल आली, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे', आणि पुढच्या खरेदीवर 100 रुपयांचे कूपन. ते कूपन मी वापरणार नाही.

मला पैसे परत नकोत. पनीर, काजू आणि लोणी यांची टक्केवारी लेखी कळवावी. पुढच्या छपाईत सर्व्हिंग म्हणजे अख्खा ट्रे धरून टक्के छापावेत, किंवा पुढच्या बाजूचे प्रोटीनही त्याच 100 ग्रॅमच्या मापाने लिहावे. माप एकच ठेवा, कोणते ते तुम्ही ठरवा. 'हाय-प्रोटीन' हे शब्द कशाच्या आधारावर छापले ते सांगावे, आधार नसेल तर काढावेत. आणि अक्षरे मोठी करा, मोतीबिंदू न झालेल्यांसाठीसुद्धा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर हेच पत्र फोटोंसह अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात देईन आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवीन. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 मध्ये मिथ्याछाप (चुकीचे लेबल लावलेल्या) अन्नासाठी कलम 52 आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम 53 आहे; तुमच्या विधी विभागाला ती माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असतील. त्याच कायद्याच्या कलम 40 प्रमाणे ग्राहकाला फी भरून अन्नाची तपासणी करून घेता येते.

त्यासाठी आठवा ट्रे न उघडता ठेवला आहे. बिलाची प्रत, दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच क्रमांक आणि काट्यावरच्या पनीरचे दोन फोटो सोबत जोडले आहेत. ट्रेची मुदत 11 डिसेंबरपर्यंत आहे. तोवर तो आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली आहे.

आपली ग्राहक,
(निवृत्त विज्ञान शिक्षिका)