घणसोलीला आलेल्या १०८ च्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. माझ्या बाबांसाठी १०८ ची गाडी घेऊन आमच्या सोसायटीत आलात, एवढीच तुमची ओळख.

बाबांचं हृदय कमजोर आहे, पावलांवर सूज असतेच. त्या रात्री दम इतका वाढला की त्यांना बोलवेना. धावून आलेले शेजारी काळजीपोटीच म्हणत होते, आडवं करा, जरा पडू द्या. तुम्ही आत आलात आणि शांतपणे म्हणालात, “झोपवू नका, बसू दे.” पाठीशी उशा लावून ताठ बसवलंत, पाय पलंगाखाली सोडलेत, मग ऑक्सिजन लावलात. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना, तेव्हा पायलटदादांनी, म्हणजे गाडीच्या चालकांनी, बाबांना खुर्चीत बसवूनच खाली आणलं. त्यांचेही मनापासून आभार.

गाडीतून तुम्ही हॉस्पिटलला फोनवर कळवलंत: दोन्ही फुप्फुसांत, पाठीकडून, खालच्या भागात आवाज येतोय, उजवीकडे जास्त. उजवी-डावी नेहमी पेशंटची धरायची, बघणाऱ्याची नाही, हे मला तेव्हा समजलं. त्यामुळेच पेशंटला न पाहताही पलीकडच्या डॉक्टरला नेमकी जागा कळते.

बाबांना आत नेल्यावर मी कारण विचारलं, तर थकलेल्या असूनही तुम्ही थांबून सांगितलंत. आडवं झालं की पायांकडचं रक्त छातीकडे परततं, कमजोर हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही आणि फुप्फुसांत पाणी वाढतं. बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, अशा माणसाला कुशीवर वळवायचं, म्हणजे जीभ मागे पडत नाही, उलटी श्वासनलिकेत जात नाही. दिवस भरत आलेल्या बाईला शक्यतो डाव्या कुशीवर, कारण उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल, तर तिथेच धोका नसल्यास हलवायचंच नाही. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं, असं मला कळकळीने वाटतं. आमच्या नोटीस बोर्डावर आता ते मोठ्या अक्षरांत लावलंय, वर १०८ आकडा.

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतात, हे ऐकून होते. डॉक्टर सोबत असणं म्हणजे काय, ते तुमच्यामुळे कळलं.

बाबा घरी आले आहेत. तुमच्या सहकाऱ्यांपैकी कुणी हे वाचलं, तर कृपया मॅडमपर्यंत पोचवा. त्यांच्या वरिष्ठांनाही मला लेखी कळवायचं आहे.

आपली कृतज्ञ,
बाबांची मुलगी, घणसोली