बोटांना काही झालेलं नाही

ती. आई-बाबा, सा. न.

आई, कॉलवर दिसलेली काळी बोटं लॅबमधल्या सिल्व्हर नायट्रेटची, म्हणजे चांदीच्या क्षाराची आहेत, भाजलेली नाहीत. ग्लोव्हला बारीक भोक असलं तरी आत जातं, उजेडात डाग काळा पडतो, साबणाने निघत नाही पण कातडी बदलली की आपोआप जाईल. आणि नेटवर ती निळसर पडलेली माणसं बघत बसू नकोस, त्यांनी चांदीची औषधं वर्षानुवर्षं पोटात घेतलेली, मी काही ती पीत नाहीये!

बाबा, तुम्ही म्हणालात चांदी जंतू मारते यात नवीन काय. बरोबरच आहे, भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं क्रीम जुनंच आहे. पण चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, सुटे ठेवले की एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि जोरच जातो, म्हणून ते सिलिकावर (वाळूतला पदार्थ) नाहीतर कायटोसानवर (कोळंबीच्या कवचापासून बनतं ते) बसवायचे, तेच माझं हायब्रिड मटेरियल. मग चांदीचे आयन हळूहळू सुटतात आणि जंतूचं आवरण, आतली प्रोटीन्स बिघडवतात. द्रव पिवळाधमक दिसला की माझा दिवस चांगला, करडा झाला की बॅच गेली.

इथे एक विचित्र प्रकार आहे, सगळे एकाच हातात ग्लोव्ह घालून कॉरिडॉरमधून फिरतात. ग्लोव्हच्या हातात बाटली, दार उघडायला उघडा हात. कडी, फोन, लिफ्टचं बटण, कशालाच ग्लोव्ह लावायचा नाही, कारण घालणारा सेफ असतो पण कडीला लागलेलं केमिकल पुढच्याच्या हाताला लागतं. दोन्ही हातांत ट्रे असेल तर दाराशी नुसतं उभं राहायचं, कुणीतरी येऊन उघडतं. मला आधी येडेपणा वाटायचा, आता रूमचं दारसुद्धा डाव्या हातानेच उघडते.

दादाच्या लग्नाचं. नेमक्या त्याच आठवड्यात मटेरियल परत परत धुऊन जंतू मरतात का ते बघायचंय, प्लेट्स रात्रभर 37 डिग्रीला ठेवायच्या आणि सकाळी मोजायच्या, मधे सोडता येत नाही, म्हणून लग्नाला येणं जमणार नाही. तिकिटाचे वाचले ते खात्यात टाकलेत, लग्नातच खर्च करा, परत पाठवू नका. लोनचा हप्ता मी भरतेय, बाबांनी त्यात पडू नये. स्थळाचा फोटो बघितला, बरा वाटतो, पण थीसिस झाल्याशिवाय नाही आणि त्यांना तसं स्पष्ट सांगा, ताटकळत ठेवू नका.

दादाला म्हणावं, रागाव हवं तर, पण फोन उचल.