नकळत दारू सोडवणाऱ्या पुड्या

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर सर्रास दिसतात. आमच्या शेजारच्या काकूंनी अशीच पुडी आणून नवऱ्याच्या आमटीत कालवली. रात्री काका पिऊन आले, जेवले आणि थोड्याच वेळात चेहरा लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्यांवर ओकाऱ्या. डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं होतं? पुडीत काय होतं ते काकूंनाही ठाऊक नव्हतं.

बहुधा डायसल्फिराम. १९४८ साली डेन्मार्कमधून पुढे आलेलं हे औषध दारूचं पचन अर्ध्यावर अडवतं, रक्तात ॲसिटाल्डिहाइड हे त्रास देणारं विषारी रसायन साचतं आणि पिणाऱ्याला दारूची धास्ती बसते. पण त्यासाठी आपण काय घेतोय हे त्याला माहीत हवं. नाहीतर तो दोष आमटीलाच देणार! गोळी थांबवल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हृदयविकार असेल तर जिवावरच बेतायचं. बाळाच्या अंगठ्याला कडुनिंब चोळण्याइतकं हे सोपं नाही.

संपादक महोदय, गेल्या रविवारी आपल्या वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींतही अशा दोन होत्या. त्या घेणं कृपया बंद करावं.

— एक वाचक, सातारा