फाटकावरच्या पोलिसांचाही सत्कार व्हावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला, तेव्हा फाटकावर केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कमलेश कुमारी होत्या. हातात शस्त्र नव्हते. तरी ओरडून त्यांनी सहकाऱ्यांना सावध केले आणि गोळ्या झेलल्या. संसदेचे सुरक्षा कर्मचारी जगदीश प्रसाद यादव आणि मातबर सिंह नेगी हेही निःशस्त्रच होते. तिघांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

पण जे आज रोज उभे असतात, त्यांचे काय? पेन्शनच्या कामासाठी मला सरकारी कचेऱ्यांत जावे लागते. मे महिन्यात बडोद्यातल्या एका कचेरीच्या फाटकावर (कोणत्या ते लिहीत नाही) पोलीस पत्र्याच्या चौकीत उभा होता. रायफल साखळीने पट्ट्याला अडकवलेली, पंखा बंद, शर्ट घामाने चिंब. तशातही त्याने एका आजोबांना हाताला धरून पायरी चढवून दिली आणि लगेच जागेवर आला. आत मात्र एसी चालू होता. मला फार राग आला.

२१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनी हुतात्म्यांना मानवंदना देतात, ती हवीच. त्याच आठवड्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी मंडळींनी कोठी कचेरीच्या फाटकावर जाऊन तिथल्या पोलिसांचा नावानिशी सत्कार करावा. व्यासपीठ आणि पाहुणे नकोत. ड्यूटी बदलताना जावे, म्हणजे दोन्ही पाळ्यांतले लोक भेटतील. आणि शाल-श्रीफळाबरोबर, जिथे चौकीत पंखा नाही तिथे पंखा द्यावा. पहिल्या पंख्याचे पैसे मी देते.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, बडोदा