मराठी फाइलची परीक्षा विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर व्हावी

संपादक महोदय,

संगणकावरच्या मराठीची चर्चा फॉन्ट आणि कीबोर्डपाशीच थांबते. खरी अडचण पुढे, प्रोग्रॅमच्या आत आहे.

मी वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. काउंटरवर विंडोज असते, सर्व्हर लिनक्सचा आणि एखाद्या कार्यकर्त्याकडे जुना मॅक. आता ‘दुसऱ्या आवृत्तीची यादी’ हे फाइलचे नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी साठवता येतो: ०९३१ या एकाच संकेतांकाने, किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा जोडीने. मॅकवर २०१७ पर्यंत चालत आलेली एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था (डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत) नावातला ‘ऱ’ फोडून त्याची जोडी करते. लिनक्स मात्र आलेले नाव जसेच्या तसे ठेवते. मग सर्व्हरवर एकाच नावाच्या दोन फाइली, एक मॅकवरून आणि एक विंडोजवरून आलेली, शेजारी बसतात, डोळ्यांना तंतोतंत सारख्या, आणि शोधायला गेले की त्यातली एकच हाती लागते. शेतकऱ्यांची, वाऱ्याने, पुढाऱ्यांना... हा ‘ऱ’ आपल्याकडे पदोपदी येतो. हिंदीचे त्यावाचून अडत नाही, त्यामुळे हा दोष आपणच शोधायला हवा. उपाय सोपा आहे: तुलना करण्याआधी दोन्ही नावे एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणायची, ज्यात ती जोडी पुन्हा एकच संकेतांक होते. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे एका ओळीचे काम आहे.

पायथनच्या आजवरच्या बहुतेक आवृत्त्यांत आणखी एक खाच आहे. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, सांगितले नाही, तर लिनक्सवर सहसा यूटीएफ-८ हे युनिकोडचे एन्कोडिंग धरले जाते. इंग्रजी विंडोजवर मात्र १२५२ हे कोडपेज (अक्षरांचा जुना, छोटा तक्ता), ज्यात देवनागरी नाहीच. तिथे मराठी मजकूर लिहायला गेले की प्रोग्रॅम बंद पडतो.

माझ्याकडे शिकायला येणारी मुले हुशार असतात. पण कित्येकांचा हात टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या सॉफ्टवेअरवर बसलेला असतो. त्यातले कोनिओ (पडदा आणि कीबोर्ड हाताळणाऱ्या आज्ञांचा संच) आणि क्लिअरस्क्रीन (पडदा पुसण्याची आज्ञा) हे विंडोजआधीच्या डॉस प्रणालीच्या काळातले. सी भाषेच्या प्रमाण व्याख्येत ते कधीच नव्हते आणि लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करणारे सॉफ्टवेअर) ते स्वीकारत नाही. आपल्या यंत्रावर चालले म्हणजे झाले, ही सवय तिथेच लागते.

विद्यापीठांना माझी विनंती आहे: प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक प्रोग्रॅम विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालवून पाहा, आणि त्याला ‘ऱ’ असलेल्या नावाची मराठी फाइल द्या. लिनक्स फुकट मिळते, त्यामुळे खर्चाची सबब नको. सरकारी कार्यालयांनीही सॉफ्टवेअरच्या निविदेत हीच अट घालावी.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, सांगली