तुझी आजी मी चोरली

ईलिंग, लंडन
१६ नोव्हेंबर

प्रिय सुले,

आठ महिने माझं पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम हे. काहीतरी भानगड आहे हे तू ओळखलंच असशील. तब्येत बरी आहे. गुडघा दुखतो, तो दुखणारच. पुढे.

तुझी आजी मी चोरली.

नीट सांगते. माझं संशोधन तुला माहीत आहे, तू ज्याला 'पोलिश पाहुण्यांची खानेसुमारी' म्हणतेस ते. आता इथे पोलिश माणूस शोधावा लागत नाही. १ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघात आला, ब्रिटनने कामाची दारं त्याच दिवशी उघडली, आणि २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये मुख्य भाषा म्हणून इंग्रजीखालोखाल पोलिश सांगणारे निघाले, साडेपाच लाखांच्या घरात. सुतार, नर्सा, ड्रायव्हर, सगळे बोलले माझ्याशी. अडलं ते युद्धानंतर आलेल्या म्हाताऱ्यांपाशी. एका बाईंनी तर 'स्थलांतरित' हा शब्द ऐकूनच मला वाटेला लावलं. स्थलांतरित ते आत्ताचे, पोटासाठी आलेले. आम्हाला उचलून नेलं होतं, म्हणाल्या.

खरंच आहे ते. १९४० च्या फेब्रुवारीत सोव्हिएत शिपाई रात्री दारात आले तेव्हा त्या सहा वर्षांच्या. सैबेरिया, मग इराण, कराची, आणि १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे, पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात. हो, आपलं वळिवडे! गांधीनगरला लग्नाच्या साड्या घ्यायला जायचो ना, तिथेच.

मग काय, दुसऱ्यांदा गेले आणि उंबऱ्यावरच सांगितलं, मी कोल्हापूरची. दार सताड उघडलं. टेबलावर पितळी डबा, आपल्याकडे शेवेला असतो तसा, झाकणाला पोचा आलेला. आत बटणं. आईने कोल्हापुरात घेतला होता म्हणे. तो माझ्या हातात देऊन विचारलं, ''तुमच्या घरचं कुणी यायचं का कॅम्पात?''

आणि माझी जीभ घसरली. म्हटलं, ''आजी यायची अंडी विकायला. टोपलीत गवत घालून. एकदा ठेच लागून सगळी फुटली, तर तुमच्यातल्या एका बाईने पुरते पैसे दिले. आजी मरेपर्यंत 'जेन्कुये' म्हणायची, थँक्यूच्या जागी.''

सुले, माझी आजी सोलापूरची! तिने गोरी बाई फक्त सिनेमात पाहिली.

तू म्हणशील, म्हशीची सवय गेली नाही. मान्य. तुझ्या काकांच्या विहिरीत पडलेली म्हैस मी आठवीत माझ्या काकांची केली, ढाल मिळवली, आणि तू दिवाळीपर्यंत अबोला धरलास. पण तेव्हा म्हैस तरी काही विचारत नव्हती.

बाई तीन तास बोलल्या. चटयांच्या भिंती, पोलिश शाळा, चर्च, नाटकं, पाच हजार माणसांचं अख्खं पोलिश गाव, आणि बाहेर आपले लोक टोपल्या घेऊन. मी विचारलं, युद्ध संपल्यावर परत का नाही गेलात? त्या म्हणाल्या, कुठे? त्यांचं गाव सोव्हिएत युनियनकडे गेलेलं, आज ते युक्रेनमध्ये आहे. वडील पोलिश फौजेत ब्रिटिशांबरोबर लढलेले, म्हणून १९४८ ला सगळे इकडे. आधी पत्र्याच्या अर्धगोल बराकीत, मग हे घर. देखभालीला येणारी मुलगी २००६ साली लुब्लिनहून आलेली. बाई तिचं पोलिश सुधारतात, आणि ती स्वयंपाकघरात मला हळूच सांगते, ''ह्यांचं पोलिश जुन्या सिनेमातलं आहे.'' दोघी पोलिश, पण आमचे लोक म्हणताना एकमेकींना धरत नाहीत. मला हेच तर लिहायचं होतं! प्रबंधातली सगळ्यात चांगली मुलाखत ही. आणि मी तर सही करून दिलेली, कुणाची फसवणूक करणार नाही म्हणून.

त्यातही मेख पुढेच आहे. निघताना बाईंनी हात धरला. ''डोक्याला हिरवी चिंधी बांधायची, तीच का ती पोर?'' मी मान डोलावली. आता झोप लागत नाही. ती चिंधी त्यांना खरंच आठवली, की मी अंडी दिली म्हणून त्यांनी चिंधी दिली? खरं सांगितलं तर त्या मुलाखत परत मागतील, तो त्यांचा हक्कच आहे. नाही सांगितलं तर एक खोटी आजी छापली जाईल. शिवाय त्यांना फोटो हवाय, अल्बममध्ये लावायला.

तुझं कसं चाललंय? ओंकारची दहावी झाली ना? दुकानाचं शटर बदललंस का? सासूबाईंना नमस्कार, त्यांनी चटणी पाठवली ती पोचली, संपलीही.

काकूंना विचार, आजी डोक्याला काय बांधायची? रंग तू सुचवू नकोस, त्यांनाच सांगू दे. फोटो असला तर काढून ठेव, पण इतक्यात पाठवू नकोस. शनिवारी बाईंकडे जाऊन आधी ती सोलापूरची आजी सांगते. बाई काय म्हणतात ते कळवीन. अबोला धरायचा असला तर रविवारनंतर धर.

तुझी,
माधवी